झालरीच्या वर

आउग्सबुर्ग. चौकातल्या घंटेचे आठ टोले पडून गेलेत.
खिडकीला तेलकट कागद, उजेड गाळून घ्यायला.
वाळूच्या चामडी उशीवर तांब्याचा पत्रा
आणि त्यावर वाकलेली मी, सिबिला हाइनलिन,
बापाच्या सहीखाली राबणारी.

झालरी पहिल्यापासून माझ्या.
बाप चेहरे करायचा, मी चेहऱ्याखालचं सगळं :
लेस, फर, चिलखताचे खिळे, पदकाची साखळी.
कोरणी वळवायची नसते, पत्रा फिरवायचा असतो,
एवढंच त्यानं मला शब्दांत शिकवलं.
बाकीचं खोकत खोकत, हातांनी.

आता त्याचे हात कापतात
आणि चेहरेही माझ्याकडे आलेत.

सोमवारी प्रकाशक एन्डर्लिन आला, टोपी न काढता.
म्हणाला, ग्राउएनष्टाइनचा काउंट उतरला.
घोड्यावरून?
मर्जीतून.
पत्रा चांगला आहे, तांबं महाग आहे.
धड ठेव, डोकं बदल.
खाली नाव नवं, कोपऱ्यात ढाल नवी,
रविवारपर्यंत शंभर ठसे.

आणि चित्र?
चित्र नाही. चिठ्ठी आहे.

चिठ्ठीत होतं : नाक सरळ. कपाळ भव्य.
वय चाळीस, दिसायला पस्तीस.
देवीचे वण आहेत, ते नाहीत.

माणूस पुसायला दोन दिवस लागतात.
आधी खरवडणी, मग घोटणी, बोटभर तेल,
मग जिथं चेहरा होता तिथं खळगा पडतो,
तो पत्रा पालथा घालून
मागून हलक्या हातोडीनं वर आणायचा,
निजलेल्याला उठवावं तसा.

ओठ लगेच गेले. उथळच होते.
मिशी गेली, हनुवटी गेली,
डावा डोळा जाईना.
तो बापानं आई गेली त्या आठवड्यात कोरला होता.
हात जड पडला असणार.

चेहरा आणू कुठून?
डोळे मिटले तर मला काउंट दिसत नाहीत,
दिसतो फाइट पाववाला,
दारात उभा, भुवयांत पीठ,
सात आठवड्यांची उधारी जिभेच्या टोकावर
आणि तरी आधी बापाचा खोकला विचारणारा.
त्याचं नाक वाकडं आहे. ते मी सरळ केलं.
बाकी होता तसा घेतला,
पत्र्यावर उलटा, कागदावर सुलटा व्हावा म्हणून.
तांब्याच्या बारीक कुरळ्या साली
दिवसभर माझ्या बाहीत टोचत राहिल्या.

शुक्रवारी पहिले ठसे दोरीवर वाळत होते,
ओल्या कागदाचा वास, जळक्या तेलाचा वास,
आणि फाइट आला.
टोपली खाली ठेवली. बघत राहिला.
दोरीवर बारा काउंट, बाराही त्याच्याकडे बघणारे.
त्यानं टोपी काढली.
"मोठं घराणं दिसतंय," हळूच म्हणाला,
"बघूनच कळतं. आमच्यात असली हनुवटी नसते."
मी फडक्याला हात पुसत राहिले,
पुसून झाले तरी.
उधारीचं त्यानं त्या दिवशी काढलंच नाही.

साठ ठसे निघाल्यावर माझ्या लक्षात आलं :
नव्या काउंटच्या कानामागे, केसांच्या सावलीत,
तो जुना डोळा अजून आहे. उघडा.

एन्डर्लिनला दिसला नाही.
काउंटच्या कारभाऱ्यानं शंभर मोजून घेतले,
त्यालाही नाही.

रात्री एक ठसा बापापुढे ठेवला.
त्यानं तो मेणबत्तीजवळ धरला, इतका जवळ
की कागदाची कड तपकिरी व्हायला लागली.
काहीतरी बोलणार होता. खोकला आला.
मग झालरीवर बोट टेकवून म्हणाला,
इथं एक धागा सुटलाय बघ.